सेंद्रिय दुकानात पहिल्यांदा जाताना

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या माझ्या भाचीने फोन केला. "मावशी, सेंद्रिय सामानासाठी चांगलं दुकान कुठलं गं?" मी विचारलं, "कशासाठी? तांदळासाठी, तेलासाठी, की भाजीसाठी?" ती वैतागली. तिला एक नाव आणि पत्ता हवा होता. पण इतकी वर्षं या दुकानांच्या पायऱ्या झिजवूनही मला असं एक नाव देता येत नाही. माझ्या घरात तांदूळ एकीकडून येतो, तेल दुसरीकडून, पालेभाजी तिसरीकडून. आणि साखर, पोहे, मीठ मुकाट कोपऱ्यावरच्या वाण्याकडून. दुकानांची तुलना करायची ती वस्तूगणिक. एका ठिकाणचा गूळ उत्तम असतो आणि त्याच ठिकाणची डाळ वर्षाची शिळी असते. भाचीला जे तासभर सांगितलं, ते इथे नीट मांडून लिहिते. उदाहरणं पुण्याची आहेत, पण नाशिक-कोल्हापूरलाही फारसं वेगळं नाही.

आधी घरातले डबे बघा

दुकानात जाण्याआधी महिन्याला काय किती लागतं ते लिहून काढा. जे रोज आणि भरपूर पोटात जातं तिथे पैसे घालण्यात अर्थ आहे: तांदूळ, गहू-ज्वारी, तूरडाळ, तेल, पालेभाज्या. नवखं गिऱ्हाईक नेमकं उलटं करतं. पहिल्या फेरीत चिया, किनोआ आणि बदामाचं पीठ घेऊन येतं, तीन महिन्यांनी ते फडताळाच्या मागे सापडतं, आणि रोजचा भात मात्र आहे तोच राहतो.

मग पाच वस्तू ठरवा आणि प्रत्येक दुकानात त्याच पाच बघा. माझ्या पाच: इंद्रायणी तांदूळ, तूरडाळ, गूळ, शेंगदाणा तेल आणि नाचणीचं पीठ. एका दुकानात तांदूळ पाहिला आणि दुसऱ्यात मध पाहिला, तर हाती काहीच लागत नाही.

शब्द निवडून घ्या, तांदूळ निवडतो तसे

या दुकानांत पाच-सहा शब्द एकाच अर्थाने फेकले जातात. ते एक नाहीत.

"सेंद्रिय" किंवा "ऑरगॅनिक" या शब्दामागे कायदा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१७ साली सेंद्रिय अन्नाचे नियम केले आणि ते १ जुलै २०१८ पासून लागू झाले. पाकिटावर सेंद्रिय लिहायचं तर दोनपैकी एका वाटेचं प्रमाणपत्र लागतं. एक वाट एनपीओपीची, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची. ही २००१ पासून आहे, केंद्र सरकारची शेतमाल निर्यात बघणारी संस्था अपेडा ती चालवते आणि बाहेरची संस्था येऊन शेत तपासते. दुसरी पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासून हमी देतात. दोन्हींच्या मालावर "जैविक भारत"चा हिरवा शिक्का येतो. पाकिटावर "पीजीएस ग्रीन" दिसलं तर शेत अजून बदलाच्या काळात आहे असं समजा. रासायनिक शेती सोडून सेंद्रिय ठरायला हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं आणि फळझाडांना तीन वर्षं जातात. त्या काळातला माल वाईट नसतो, पण त्याला पूर्ण सेंद्रियचा भाव देऊ नये.

"गावरान" ही बियाण्याची गोष्ट आहे. गावरान वांग्यावर फवारणी झालेली असू शकते आणि संकरित वांगं पूर्ण सेंद्रिय पद्धतीने पिकवलेलं असू शकतं. देशी वाण जपणं हे मोठं काम आहेच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना त्याबद्दल पद्मश्री मिळाली. पण वाण कुठलं आणि वाढवलं कसं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

"अनपॉलिश" म्हणजे गिरणीत काय केलं नाही ते. "लाकडी घाणा" म्हणजे तेल कसं काढलं ते. दाणे मात्र सर्रास बाजारातलेच असतात, आणि बरेच घाणेवाले विचारल्यावर तसं सरळ सांगतातही.

"रसायनमुक्त", "विषमुक्त", "शेतातून थेट" या शब्दांना दुकानदाराच्या तोंडापलीकडे आधार असेलच असं नाही. याचा अर्थ तो खोटंच बोलतो असाही नाही. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान शेतकरी किंवा गट थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. फक्त जैविक भारतचा शिक्का त्याला लावता येत नाही. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीने शेती करणाऱ्या कितीतरी प्रामाणिक माणसांकडे कागद नाही. तिथे कागदाऐवजी माणूस तपासावा लागतो.

आणि "हेल्थ फूड"? या शब्दाला माझ्या मते काहीच अर्थ नाही. त्या फळीकडे शेवटी येऊ.

दुकानांच्या जाती

पुण्यात साधारण पाच तऱ्हा दिसतात. साखळी दुकानं आणि मोठे ब्रँड: सगळं पाकीटबंद, कागदपत्र चोख, भाव चढे, पण तांदूळ मावळचा की मध्य प्रदेशचा हे काउंटरवरच्या मुलाला ठाऊक नसतं. एकट्या-दुकट्याने चालवलेली छोटी सेंद्रिय दुकानं: मालक स्वतः गल्ल्यावर, शेतकऱ्यांची नावं तोंडपाठ, कागद कधी असतो कधी नसतो. लाकडी घाण्याची दुकानं तर आता प्रत्येक उपनगरात झाली आहेत; घाणा समोर फिरत असतो, बघत उभं राहता येतं. खादी ग्रामोद्योगाची भांडारं मध, गूळ, साबणासाठी ठीक. तिथलं सगळं सेंद्रियच असतं हा मात्र आपला समज. आणि शेतकऱ्यांचे आठवडी बाजार व व्हॉट्सॲपवर चालणारे भाजीचे गट.

या यादीत रविवार पेठेतला भुसार दुकानदार नाही, पण त्याला विसरू नका. तो सेंद्रिय म्हणत नाही, पण ज्वारी मंगळवेढ्याची की कर्नाटकातली, डाळ नवी की जुनी, हे त्याला हातात घेतल्या घेतल्या कळतं. सेंद्रिय दुकानात जाण्याआधी अर्धा तास त्याच्याकडे घालवा, पावशेर-पावशेर घ्या. साधा चांगला माल कसा दिसतो ते माहीत नसेल, तर दुप्पट भावाचा माल चांगला आहे हे कशावरून ठरवणार?

डिसेंबरात शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते. लोक मासवड्या खायला जातात. तुम्ही खा, पण वही घेऊन जा. गावोगावचे बचत गट स्वतः बसलेले असतात. माझा तांदूळवाला मला तिथेच भेटला.

पहिली फेरी: डोळे, नाक, हात

तांदळापासून सुरुवात करा. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला वाण. मावळ, मुळशी, भोर, वेल्हे या पट्ट्यातला चांगला. भात दिवाळीच्या आसपास निघतं, त्यामुळे नवा तांदूळ नोव्हेंबर-डिसेंबरात येतो. तीन गोष्टी विचारा: गाव कुठलं, निघाला कधी, पॉलिश किती. "हातसडी" म्हटलेला तांदूळ बहुतेक वेळा हाताने सडलेला नसतो. गिरणीत नुसतं टरफल काढून कोंडा ठेवलेला असतो. त्यात वाईट काही नाही, पण कोंड्यात तेल असतं आणि ते खवट होतं. म्हणून पाकीट नाकाला लावा. खवट वास आला की ठेवून द्या, सेंद्रिय असो नाहीतर सोन्याचा असो. इंद्रायणी मुळात चिकट, नवा तर आसट होणारच. "हा मोकळा होत नाही" म्हणून परत करायला जाऊ नका. आंबेमोहर म्हणून मिळणाऱ्या तांदळाबद्दल मात्र जपून राहा. खऱ्या आंबेमोहराचं उत्पन्न कमी आणि मागणी मोठी, त्यामुळे बाहेरून आलेला बारीक, तसाच दिसणारा तांदूळ त्याच नावाने खपतो. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे. मूठभर शिजवून बघितल्याशिवाय पाच किलो घेऊ नये.

तूरडाळ तळहातावर चोळा. अनपॉलिश डाळ मंद दिसते आणि हाताला पिठासारखी भुकटी लागते. चकाकत असेल तर पाणी किंवा तेल लावून पॉलिश केलेली आहे, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

गुळाकडे बघताना आपली नजरच बिघडली आहे. पिवळाधमक गूळ म्हणजे चांगला, असं आपल्या आयांनी शिकवलं. तो पिवळेपणा बऱ्याचदा रस उकळताना घातलेल्या हायड्रोसचा, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटचा असतो. त्यातून मागे राहणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला कायद्याने किलोला ७० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. रसायन न घालता, भेंडीच्या चिकट रसाने मळी काढून केलेला गूळ तपकिरी होतो. पण आता दुकानदारांनाही हे कळलंय की गिऱ्हाईक काळा गूळ मागतं, आणि काळा तर जळका गूळही असतो, जुनाही असतो. रंगावर जाऊ नका, चव घ्या. जळकट किंवा कडवट लागला तर नको. गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात. ऑगस्टमध्ये कोणी "काल केलेला ताजा गूळ" म्हणालं तर गुऱ्हाळ कुठलं ते जरूर विचारा.

नाचणीचं पीठ घेताना दळल्याची तारीख बघा. बाजरीच्या बाबतीत तर हे फारच जपा, बाजरीचं पीठ आठवडा-दोन आठवड्यांत कडू होतं. तीन महिन्यांपूर्वी दळलेलं बाजरीचं पीठ सुंदर कापडी पिशवीत विकणारं दुकान माझ्या यादीतून त्या क्षणी बाद होतं, कारण ज्याला हे कळत नाही त्याला धान्य कळत नाही. शक्यतो अख्खं धान्य घ्या आणि गिरणीतून दळून आणा. उपासाच्या दिवसांत सुटं भगरीचं पीठ तर कुठूनच नको. ओल लागून बुरशी धरलेल्या भगरीने माणसं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या नवरात्रात अधूनमधून येतातच.

आता कागद मागा

मागायला लाजू नका. एका दुकानात भिंतीवर छान चौकटीत प्रमाणपत्र लावलं होतं. मी तूरडाळ घेत होते. सहज जवळ जाऊन वाचलं. ते हळदीचं होतं, दुसऱ्याच जिल्ह्यातल्या शेताच्या नावाचं, आणि मुदत संपून दोन वर्षं झालेली. मालकाला दाखवलं तर तो हसून म्हणाला, "मॅडम, आजवर कोणी वाचलंच नाही."

म्हणून चार गोष्टी वाचा: कोणाच्या नावाने आहे, कोणत्या पिकांसाठी आहे, कुठल्या तारखेपर्यंत आहे, आणि कोणत्या संस्थेने दिलं आहे. प्रमाणपत्राचं दर वर्षी नूतनीकरण लागतं. एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक हा नुसता अन्नव्यवसायाचा परवाना किंवा नोंदणी. तो वडापावच्या दुकानालाही असतो, त्याने काही सेंद्रिय ठरत नाही. पण तोही नसेल तर पुढे बोलूच नका.

सुट्या मालाची अडचण वेगळी. पोत्यातून काढून कागदी पिशवीत भरलेल्या डाळीबरोबर पोत्यावरचा शिक्का येत नाही. "पोतं दाखवता का?" असं विचारा. जे दाखवतात त्यांच्याकडे मी परत जाते.

कागद नसलेल्या छोट्या शेतकऱ्याला मी निराळे प्रश्न विचारते. पिकावर मावा ही कीड पडली तर काय फवारता? खत कुठून आणता, जनावरं किती? शेजारच्या शेताचं पाणी-फवारा येतो का, बांधावर काय लावलंय? ज्याने खरंच केलंय तो दशपर्णी अर्कात, म्हणजे झाडपाल्याच्या घरगुती कीडनाशकात, काय-काय घालतो हे सांगताना थांबत नाही, आणि "गेल्या साली कोबी पूर्ण गेला" हेही सांगतो. "आमच्याकडे कीडच येत नाही" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. शेत बघायला येऊ का, हेही विचारा. जायचं की नाही ते नंतर ठरवता येतं. उत्तर देताना चेहरा कसा होतो तेवढंच बघायचं असतं.

भावाचं गणित

पाकिटं ४५० ग्रॅम, ५०० ग्रॅम, ९०० ग्रॅम अशी असतात, म्हणून आधी सगळं किलोवर आणा. तेलात आणखी एक गंमत आहे: काही घाणेवाले लिटरवर विकतात, काही किलोवर. एक लिटर शेंगदाणा तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे किलोचा भाव जास्त दिसला तरी बाटलीत तेल जास्त असतं.

मग उलटं गणित करा. दाण्यात तेल निम्म्याच्या जरा आत, आणि लाकडी घाण्यातून ते सगळं निघत नाही. किलोभर दाण्यांना चारशे ग्रॅमच्या आसपास निघतं. म्हणजे लिटरभर तेलाला सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. समजा दाणे १४० रुपये किलो आहेत. नुसते दाणेच ३१५ ते ३५० रुपयांचे झाले. पेंड विकून थोडे परत येतात, पण वीज, माणूस, बाटली आणि भाडं आहेच. अशा वेळी कोणी २२० रुपये लिटरने "शुद्ध लाकडी घाणा" देत असेल तर त्यात दुसरं काहीतरी आहे. तुपाचंही तसंच. गाईच्या दुधात चार टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश. किलोभर तुपाला किमान पंचवीस लिटर दूध. दूध ७० रुपये धरलं तरी १७५० रुपये. गीर गाईचं बिलोना (दही घुसळून काढलेलं) तूप सातशे रुपयांत मिळालं म्हणून आनंदून जाऊ नका. जाता जाता, पाकिटावरच्या "ए-टू" (दुधातल्या प्रथिनाचा एक प्रकार) या अक्षरांचंही फार मनावर घेऊ नका. २१ ऑगस्ट २०२४ ला एफएसएसएआयने असे दावे काढायला सांगितलं आणि पाच दिवसांत ते पत्र मागेही घेतलं.

फार स्वस्त नको, तसं फार महागही नको. साध्या चांगल्या मालाच्या दीडपट भाव मला धान्याला पटतो. तिप्पट असेल तर बहुतेक काचेच्या बरणीचे आणि दुकानाच्या भाड्याचे पैसे आहेत. सोसायटीतल्या आठ-दहा घरांनी मिळून शेतकऱ्याकडून पन्नास-शंभर किलो तांदूळ मागवला तर भाव चांगलाच उतरतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते आहे: घरांचे गट, महिन्याची एकत्र मागणी, घाऊक खरेदी.

भाजी

भाजीला एकच कसोटी मला उपयोगी पडली आहे. दुकानात बारा महिने मटार, फ्लॉवर आणि टोमॅटो असतील तर मी विचारात पडते. सेंद्रिय भाजीवाल्याची यादी मे महिन्यात रिकामी-रिकामी असते; पावसाळ्यात कोथिंबीर कुजते, मग तो "नाहीये" म्हणतो. भोकं पडलेला पालक म्हणजे सेंद्रिय पालक, हेही खरं नव्हे. फवारणी चुकली तरी भोकं पडतात. आठवड्याची पिशवी देणाऱ्या गटात आधी महिनाभरच नाव घाला, वर्षाचे पैसे भरू नका.

ती चकचकीत फळी

नाचणीची बिस्किटं, मल्टिग्रेन खाकरा, गुळाचे "शुगर फ्री" लाडू. पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव मैद्याचं असेल तर ती मैद्याची बिस्किटं, नाचणी पाहुणी आली आहे. गुळाचा लाडू मधुमेहाला साखरेच्या लाडवाइतकाच गोड. खपली गहू चवीला फार छान, त्याच्या खिरीला तोड नाही, पण तो गहूच आहे. त्यात ग्लुटेन असतं. सीलिॲक (ग्लुटेन न चालणारा आजार) असलेल्या माणसाला "खपली चालते" असं सांगणारं दुकान धोकादायक आहे. सैंधवात सहसा आयोडीन घातलेलं नसतं, तेव्हा घरातलं साधं मीठ पूर्ण बंद करू नका. मधाची साखर धरली म्हणून तो भेसळीचा ठरत नाही, आणि साखर न धरली म्हणून शुद्धही ठरत नाही.

घरी आणल्यावर

पहिल्यांदा प्रत्येक वस्तू अर्धा-एक किलोच घ्या. पाकिटावर तारीख आणि दुकानाचं नाव लिहा, शिजवा, आणि शेजारी वाण्याकडचं तेच शिजवून घरच्यांना न सांगता वाढा. आमच्याकडे तांदूळ आणि तेल लगेच ओळखू आलं. साखर कोणालाच ओळखता आली नाही, म्हणून ती वाण्याकडून. बिल जपून ठेवा. फसवणूक झाली आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण त्याआधी बदलून मिळतं का ते विचारा. कीड लागलेली डाळ बिनबोभाट परत घेणारं दुकान दहा टक्के महाग असलं तरी मला चालतं.

कीड लागणारच. धुरी न दिलेलं धान्य आहे. डाळींना आणि गव्हाला ऊन दाखवून एरंडेलाचा हात लावा. तांदळात बिब्बे किंवा वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला, तांदूळ उन्हात टाकू नका, त्याचे तुकडे होतात. पिठाची पाकिटं आल्या आल्या तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवली तर जाळी धरत नाही. एका वेळी दीड महिन्यापेक्षा जास्त भरू नका, पावसाळ्यात तर महिन्याचंच.

भाचीचा परवा पुन्हा फोन आला. तिने ऐकून पाच वस्तूंची वही केली, चार दुकानं पालथी घातली, मुळशीचा तांदूळ आणला. "मावशी, पण एक विचारू का? किडे होऊ नयेत म्हणून सासूबाईंनी त्याला बोरिक पावडर लावली. आता?" मी म्हटलं, आता स्वच्छ चार पाण्यांनी धुऊन घे, आणि पुढच्या वेळी तांदूळ आणशील तेव्हा बिब्बेही आण, रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात.